आग विझली, आता आधी काय करायचं?

प्रश्न : काका, आमचं घर सोलापुरात पूर्व भागात आहे. खाली यंत्रमाग, वर आम्ही राहतो. परवा दुपारी कूलर लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डात ठिणगी पडली आणि खालच्या टॉवेलच्या गाठींनी पेट घेतला. जिना धुरानं भरला, म्हणून गच्चीवरून शेजाऱ्यांकडे उतरलो. बंब आला, आग विझली, सगळे सुखरूप आहोत. पण घर काळंकुट्ट झालंय. सासूबाई म्हणतात, लगेच धुऊन काढू. कपाटातल्या नोटाही करपल्यात. सात वर्षांचा मुलगा रात्री झोपत नाही. आधी काय करू?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सगळे बाहेर पडलात, हे वाचून जीव भांड्यात पडला. मी अग्निशमन दलात नोकरी केली आणि निवृत्त झालो. आग विझल्यावर लोक जी घाई करतात ती मी फार पाहिली आहे, म्हणून सासूबाईंना माझा निरोप सांगा : दोन दिवस घर धुवायला पाण्याला हात लावू नका.

पहिलं कारण कागदांचं. काळ्या भिंती, वितळलेला बोर्ड, जळलेला माल, सगळं आहे तसं असताना फोटो काढा. पोलिसांकडून पंचनामा आणि अग्निशमन दलाकडून आगीचा दाखला घ्या. मागांसाठी कर्ज काढलं असेल तर त्याची कागदपत्रं उघडून बघा. अशा कर्जासोबत अनेकदा विमा उतरवलेला असतो आणि घरात कुणाच्या ते लक्षातही नसतं. विमा निघाला तर कंपनीला आजच कळवा. त्यांचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जळका माल भंगारात देऊ नका.

दुसरं कारण काजळीचं. ती तेलकट असते. ओल्या फडक्यानं पुसलीत की भिंतीत मुरते आणि मग रंगाखालूनही डाग वर येतात. आधी नाकातोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशनं, वरून खाली झाडून घ्या. साबणाचं पाणी त्यानंतर. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, साठवलेलं पाणी चुकीच्या वेळी ओतून संपवू नका. कपडे बाहेर झटकून मगच धुवा, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं वास पक्का बसतो. स्टीलची भांडी घासून वापरता येतील. उघडी ज्वारी, पीठ, सैल झाकणाच्या बरणीतली शेंगाचटणी, औषधं मात्र टाकून द्या. जीव तुटतो, मला ठाऊक आहे, पण त्यात धुराचं विष उतरलेलं असतं.

गाठींकडे आज पुन्हा जा. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत तासन् तास धुमसत राहते. प्रत्येक गाठ उसवून, फोटो झाल्यावर, मोकळ्या जागेत नेऊन भिजवा. सर्व्हेअर यायचा असला तरी हे काम थांबवू नका.

नोटा सुट्या करायला जाऊ नका. चिकटलेला गठ्ठा तसाच पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. फार करपलेल्या, हात लावताच चुरा होणाऱ्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात, म्हणजे नोटा जारी करणाऱ्या कार्यालयात, न्याव्या लागतात. तिथे तपासून नियमांप्रमाणे पैसे मिळतात.

वर झोपायला जाण्याआधी स्लॅब इंजिनिअरला दाखवा. गिलावा पडून सळया उघड्या पडल्यात का, काँक्रीट गुलाबीसर झालंय का, ते तुम्हीही बघा. साधारण 300 अंशांपुढे तापलेल्या काँक्रीटला तशी छटा येते. वायरिंगचं म्हणाल तर तापलेल्या भागातलं सगळं बदला. वायर वरून धड दिसली तरी तिचं आवरण कडक होऊन तडकतं.

आता पुढचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलर दिवसरात्र चालतो. त्याला भिंतीतला स्वतंत्र प्लग हवा, एक्स्टेंशन नको. जादा भार आला की आपोआप पडणारा एमसीबी बसवा, जोडीला वीज गळली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी. मागाखालचं आणि बोर्डावरचं तूस रोज काढा, ठिणगीला तेवढं पुरतं. मेन स्विच बाहेरच्या दाराजवळ घ्या.

पण माझ्या मते यातलं काहीही घराबाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेच्या बरोबरीचं नाही. मे 2025 मध्ये अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. राहणं तिथंच होतं. आठ माणसं गेली. खाली सूत आणि वर बिछाना अशी घरं आपल्या गावात गल्लोगल्ली आहेत, म्हणून मी हे प्रत्येकाला कळवळून सांगतो. खालची आग जिन्यातूनच वर चढते, जिना धुराडं होतो. तुमची गच्ची उघडी होती म्हणून तुम्ही वाचलात. तिला कुलूप लावू नका. बाहेरून लोखंडी जिना बसवता आला तर माग दुरुस्त करण्याआधी तो बसवा. मालाच्या गाठी जिन्याखाली पुन्हा रचायच्या नाहीत, मग जागा कितीही कमी पडो.

मुलाला ‘काही झालं नाही’ असं सांगू नका, त्यानं सगळं पाहिलंय. दिवसाउजेडी त्याचा हात धरून गच्चीची वाट चालून दाखवा. धूर असला तर खाली वाकून, रांगत जायचं, हे खेळासारखं करून घ्या. 101 हा नंबर पाठ करून घ्या. गच्चीच्या दाराची कडी त्याच्या हाताला पोचते का ते बघा. पोचत नसेल तर खाली बसवून घ्या.