पवनचक्कीला कशाला बोल लावता?

भाऊ, तुमचं म्हणणं असं, की आखाडात शिरोलीच्या फौंड्रीत पॉवर फॅक्टर सुधारणारे दोन कॅपॅसिटर लागोपाठ उडाले आणि त्याच महिन्यात साताऱ्याकडच्या वनकुसवडे पठारावरची तुमची पवनचक्की जोरात होती, म्हणजे वाऱ्याची वीजच 'घाण' येतेय. तसं नाही हो. तिची वीज तिकडच्याच सबस्टेशनला ग्रीडमध्ये मिसळते. शिरोलीत येतं ते फक्त बिलातलं क्रेडिट.

घाण घरातलीच आहे. सिक्स-पल्स रेक्टिफायरवरची इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) पाचवा आणि सातवा हार्मोनिक सोडते, म्हणजे लाइनच्या 50 हर्ट्झच्या पाच आणि सात पटीचे नकोसे करंट, 250 आणि 350 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर यांचा सूर (दोघांची मिळून नैसर्गिक फ्रीक्वेन्सी) त्याच्या आसपास जुळला, की कॅपॅसिटरचा करंट भडकतो. गोकुळ शिरगावात एकदा पॅनेल उघडलं तर कॅपॅसिटरचे चार कॅन पुरीसारखे टम्म! वायरमन नवे कॅन घेऊन तयारच, तिसऱ्यांदा. म्हटलं थांब, आधी ट्रू आरएमएस क्लॅम्प (हार्मोनिकसकट खरा करंट मोजणारा मीटर) लाव. हीट (धातू वितळवायची एक फेरी) चालू असताना करंट रेटिंगच्या दीडपट. हीट उतरली, फर्नेस बंद झाली, आकडा जागेवर. कॅपॅसिटर 1.3 पटीपर्यंत सोसतो, पुढे फुगतो. तिथे 7 टक्क्यांचे डिट्यून्ड रिअॅक्टर (कॅपॅसिटरसोबत जोडायची, सूर बदलणारी कॉइल) बसवले, सूर 189 हर्ट्झवर, म्हणजे 250 च्या बराच खाली आला. फक्त 440 व्होल्टचे जुने कॅन त्यांच्यासोबत ठेवू नका, रिअॅक्टरमुळे कॅनवरचा व्होल्टेज वाढतो. 480 किंवा 525 चे घ्या. आणि कॅपॅसिटर काढूनच टाकतो म्हणाल, तर एचटीचं (उच्चदाब जोडणीचं) बिल आता केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की युनिट वाढतात, तिथे मार बसेल.

पवनचक्की लाइनच्या प्रत्येक झटक्याला ट्रिप होते, हे दुखणं मात्र खरं आणि वेगळं. जुन्या यंत्रात साधा इंडक्शन जनरेटर असतो. व्होल्टेज पडला की पाती पळतात, व्होल्टेज परतताना जनरेटर ग्रीडकडूनच भरमसाट रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी) ओढतो, आणि व्होल्टेज पुन्हा दबतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2007 च्या नियमांत 2013 ला दुरुस्ती झाली: 66 केव्ही आणि वरच्या जोडणीवर व्होल्टेज पडून नेहमीच्या फक्त 15 टक्के उरला तरी 300 मिलिसेकंद टिकून राहायचं. तुमची त्याआधीची असेल तर तिच्यात ती सोयच नसणार.

देखभालवाल्याकडून ट्रिप लॉग मागवा. अंडरव्होल्टेज किती आणि इतर कारणं किती, ते वेगळं काढा. सगळंच 'ग्रीड फॉल्ट'मध्ये ढकलायची खोड असते. पण श्रावणाच्या आत. नंतर वाराच पडला तर तपासणार काय?