सॅम्पलिंगसाठी (जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्यासाठी) पहिला ड्रम ब्रेक, म्हणजे गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा, कोणता घ्यावा आणि तो कसा कापावा?

'आमेन, ब्रदर' घ्या. बँड द विन्स्टन्स, 1969, ड्रमवर ग्रेगरी कोलमन. साधारण 1:26 ला बाकीची वाद्यं थांबतात आणि चार बार (चार-चार मात्रांची आवर्तनं) नुसते ड्रम वाजतात. जेमतेम 7 सेकंद, 137 बीपीएमच्या (मिनिटाला मात्रा) आसपास. पहिले दोन बार सारखे. तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा एक ठोका उशिरा पडतो, चौथ्यात पहिली मात्रा रिकामी आणि क्रॅश झांज अपेक्षेआधी. सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून फक्त पहिला बार लूप करू नका.

कापताना प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला चीर द्या आणि तुकड्याच्या शेवटी 2-5 मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू शून्यावर नेणं) ठेवा, नाहीतर 'टक्' ऐकू येतं. शंभर टक्के क्वांटाइझ केलंत, म्हणजे प्रत्येक ठोका काटेकोर मात्रेवर ओढलात, तर कोलमनच्या लयीतला झोका मरतो. 165 बीपीएमला न्यायचं असेल तर टाइम-स्ट्रेच (पिच तीच ठेवून वेग बदलणं) टाळा, त्यात स्नेअर फिसकटतो. रेकॉर्ड जोरात फिरवल्यासारखी वेगासकट पिच (स्वराची उंची) सव्वातीन सेमीटोन (अर्धे स्वर) चढवा, टेम्पो आपोआप जमतो.

संथ हिप-हॉपसाठी मात्र जेम्स ब्राउनचा 'फंकी ड्रमर' बरा. क्लाइड स्टबलफील्डचे ते हलके घोस्ट नोट्स (मुख्य ठोक्यांमधले अगदी हळू स्नेअर ठोके) जपा. कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारं साधन) जास्त दाबलात तर तेही मुख्य स्नेअरइतकेच मोठे होतात. प्रसिद्ध करण्याआधी रेकॉर्डिंग आणि रचना, दोन्हींची परवानगी लागते. कोलमनला त्या 7 सेकंदांची रॉयल्टी कधीच मिळाली नाही.