शीळकरी कस्तूर आणि दगडफूल: दोन्हींना एकाच अर्थाने ‘जाती’ म्हणता येईल का?

मलबारी शीळकरी कस्तूर हा पक्षी जशी एक जाती आहे, तसे मसाल्यातले दगडफूलही एक जाती मानावे का, असा आपला प्रश्न आहे. मानता येते, मात्र दोन्हीकडे ‘एक’ मोजण्याची रीत निराळी आहे.

कस्तुराच्या बाबतीत फारसा घोळ नाही. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी भल्या पहाटे शीळ घालणारा, कपाळावर आणि खांद्यांवर चकाकती निळी झाक असलेला हा पक्षी म्हणजे एक स्वतंत्र जीव. त्याच्या पिल्लांत आईबापांचीच जनुके उतरतात.

दगडफूल हे शैवाक, म्हणजेच लायकेन. बाजारातल्या पुडीत बहुधा अनेक जातींची सरमिसळ असते, म्हणून मी येथे पार्मोट्रेमा परलॅटम ही एकच जाती धरतो. तिचा तुकडा निरखून पाहिला, तर वरची बाजू करडी, खालची काळी आणि कडांवर पिठासारखी भुकटी दिसते. हा पापुद्रा बुरशीचा असून त्याच्या आत ट्रेबॉक्सिया या हिरव्या शैवालाचा थर असतो. ते उजेडात अन्न तयार करते आणि बुरशी त्यावर जगते. शैवाक हा असा जोडजीव आहे, हे स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडनर यांनी १८६० च्या दशकात मांडले, तेव्हा त्या काळच्या नामांकित शैवाकतज्ज्ञांनी ते धुडकावून लावले होते. आजच्या नियमांनुसार शैवाकाचे शास्त्रीय नाव केवळ त्यातल्या बुरशीचे असते; शैवालाचे नाव वेगळे.

खरी गंमत पुनरुत्पादनात आहे. वर सांगितलेल्या भुकटीच्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि शैवालाच्या पेशी एकत्र असतात, त्यामुळे तो कण वाऱ्याने दुसऱ्या खोडावर पडला की सगळा संसारच तेथे पोहोचतो. बुरशीचे बीजाणू मात्र एकटेच निघतात आणि त्यांना नव्या जागी योग्य शैवाल मिळाले, तरच पुन्हा शैवाक घडते. कस्तुराच्या आयुष्यात याच्या जवळपास जाणारे काही नाही.

नात्याचा विचार केला, तर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची असल्याने दगडफुलाचा नाव धारण करणारा भाग ज्या झाडावर वाढतो त्या झाडापेक्षा कस्तुराचा अधिक जवळचा नातलग ठरतो. त्याच्या आतले हिरवे शैवाल मात्र झाडाच्या बाजूचे. त्यामुळे जातीशी जातीची तुलना करायची असेल, तर ती कस्तूर आणि ही बुरशी यांच्यात करावी. जंगलातली संख्या ताडून पाहायची असेल, तर कस्तूर नगांवर मोजता येतात, पण शेजारचे दोन पापुद्रे वाढता वाढता एकमेकांना भिडत असल्याने दगडफुलाने खोडाचा किती भाग व्यापला आहे, हेच मोजावे लागते.