गाण्यात नावं किती कोंबायची?

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीची चार पोरं, कॉलेजात बँड आहे, इंडी रॉक वाजवतो. व्हॅम्पायर वीकेंड या अमेरिकन बँडचं 'ऑक्सफर्ड कॉमा' ऐकून मराठीत गाणं लिहिलंय, त्यात आयर्विन पूल, भडंग, हळद, गणपती मंदिर, विष्णुदास भावे सगळं टाकलंय. ड्रमर म्हणतो हे गाणं नाही, पर्यटन खात्याचं पत्रक झालंय. त्यांच्या गाण्यात पण नावंच नावं आहेत की! मग आमचं काय चुकतंय?
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : ड्रमर बरोबर बोलतोय, त्याला आधी चहा पाज.

आता ते गाणं बघ. २००८ चं, पहिल्या अल्बममधलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतली पोरं ही, तिथं फेसबुकवर ऑक्सफर्ड कॉमा वाचवा म्हणून एक ग्रुप होता, तो गायक एझ्रा कीनिगला दिसला आणि तिथनं गाणं सुचलं. इंग्रजीत तिघाचौघांची यादी करताना शेवटच्या 'अँड'च्या आधी देतात तो हा कॉमा, दिला काय न दिला काय, बऱ्याचदा काही बिघडत नाही, पण इंग्लिश झाडणारी मंडळी त्यावरनं भांडत बसतात. गाण्यातला गडी असल्याच कुणा शिष्टावर वैतागलाय. म्हणतो, मीपण धरमशाळेला चढून आलोय, सगळ्यात मोठ्या लामांना भेटलोय, त्यांचे उच्चार मला तरी ठीक वाटले. म्हणजे धरमशाळा काय हिमाचलची शोभा सांगायला आलेली नाही, समोरच्याची फिरून आल्याची मिजास आणि उच्चारावरनं माणूस जोखायची खोड, दोन्ही एका दमात उघडं पाडायला आलीय. आणि लामांच्या जोडीला कोण, तर लिल जॉन! अटलांटाचा बोंबलणारा रॅपर, २००३ ला गाजलेल्या त्याच्या 'गेट लो' गाण्यातली खिडकी-भिंतीची ओळ उचलून हा सांगतो, लिल जॉन कायम खरं बोलतो. खरी गंमत इथंय.

तुझ्या गाण्यात भावे कुणाला चिमटा काढतात सांग बरं? त्यांनी सांगलीत केलेलं पहिलं मराठी नाटक, १८४३ चं 'सीता स्वयंवर', आम्हाला शाळेपासून पाठ आहे. पण पुण्याला दोन वर्षं राहून आलेला दोस्त नाटक कसं बघायचं ते सांगलीकरांनाच शिकवायला लागला आणि तू तिथं भाव्यांचं नाव काढलंस, तर पब्लिक शिट्ट्या मारेल.

हळद, मंदिर, भडंग काढून टाक. पूल ठेव, पण पावसाळ्यातला. पुलाखाली कृष्णेचं पाणी ४० फुटाला गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि भेटेल तो एकच विचारतो, "आयर्विनला किती फूट झालं?" दुसरं कडवं तिथनंच सुरू कर.