रेटिनोइक आम्लावर काम करणार असशील, तर आधी हे ऐक

भावा, रंकाळ्यावर भेळ खाता खाता सांगायची ही गोष्ट नव्हे, म्हणून लिहितोय. गाभण उंदरिणीला डोस पाजायची घाई करू नकोस. रेटिनोइक आम्ल म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारं रसायन. बाहेरून पाजलेलं हे आम्ल गर्भात व्यंगं आणतं, पण त्यातून फक्त जास्तीचा परिणाम कळतो. शरीर स्वतः ते कशाला वापरतं, हे कळायला ते बनवणारी किंवा मोडणारी जनुकंच बंद करून बघावं लागतं.

'अ' जीवनसत्त्वापासून ते बनवायचा शेवटचा टप्पा गर्भात मुख्यतः राल्ढ-२ हे एन्झाइम करतं. हे एन्झाइम नसेल तर उंदराचा गर्भ साधारण दहाव्या दिवशी दगावतो. उलट, रेटिनोइक आम्ल मोडणारं सिप-२६-ए-१ हे एन्झाइम नसेल तर जास्तीच्या आम्लानं शेपटीकडचा भाग खुंटतो. गंमत म्हणजे अशा गर्भात राल्ढ-२ च्या जनुकाच्या दोनपैकी एक प्रत काढली, की त्यातले काही जगतात! सगळा खेळ प्रमाणाचा, आपल्या तांबड्या रश्श्यासारखा.

बाटली उजेडापासून जप. मी एकदा खिडकीशी ठेवली नि महिना फुकट घालवला. आणि हातमोजे घालच. याच आम्लाच्या जातकुळीतल्या, मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या गरोदर बाईला का देत नाहीत, ते आठव.