सायकलच्या टायरला चीर गेली आहे. गेटर टाकून चालवावा की नवा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की २६ इंची गिअरची सायकल आहे, मागच्या टायरला बाजूला दीडेक सेंटिमीटरची चीर गेलीय आणि हवा भरली की त्यातून ट्यूब डोकावते. रोज कॉलेजला जाऊन-येऊन बारा किलोमीटर होतात. दुकानदार म्हणतो बदला, वडील म्हणतात गेटर (म्हणजे जुन्या टायरचा तुकडा चिरेच्या आतून) टाक, वर्ष निघेल.

मी दुकानदाराच्या बाजूने. एरवी मी त्या बाजूला फारसा नसतो, कारण दोन पंक्चर काढून भागणार असेल तिथे नवा टायर गळ्यात मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण तुमच्या प्रश्नातला ‘बाजूला’ हा शब्द वाचला आणि विषय संपला.

टायर जाड काळा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं ताकद रबराची. रबर फक्त रस्त्याशी घासायला आणि पकड द्यायला असतं. हवा अडवते ट्यूब. आणि त्या ट्यूबला आवळून धरतात ते रबराच्या आतले दोरे, नायलॉनचे किंवा सुती, तिरपे एकमेकांवर घातलेले. टायर काढून आतून उलटा करा, उजेडात धरा आणि चीर अंगठ्यांनी किंचित फाकवा. दोरे अखंड असतील तर ती वरवरची जखम आहे, विसरून जा. दोरे तुटून पिंजलेले दिसत असतील तर ती चीर कुठे आहे यावर सगळं ठरतं.

रस्त्याला टेकणाऱ्या भागात दोन-चार मिलिमीटर दोरे तुटले असतील तर आतून गेटर लावून टायर खुशाल चालवा. तिथे रबर जाड असतं. बाजूला मात्र ते पातळ असतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो भाग दबतो, फुगतो. गेटर तिथे चिकटून राहत नाही, चीर दोन्ही टोकांनी सरकत जाते. ५० पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब, आणि तो दिवसरात्र त्या चिरेला आतून रेटत असतो. तुमची ट्यूब तर आत्ताच डोकावतेय.

वडिलांचा अनुभव खोटा नाही बरं का. काळ्या लोखंडी सायकलींचे २८ × १½ चे टायर जाडजूड असायचे आणि गेटरवर गेटर टाकून माणसं ते वर्षानुवर्षं ओढायची. आमच्या घरीही तेच. मीही त्याच भरवशावर साताऱ्यात पुढच्या टायरला बाजूला गेटर लावला होता. गावात चार महिने निवांत चालला. मग एका रविवारी कासहून परतताना यवतेश्वरच्या घाटात, ब्रेक दाबत उतरत असताना, फटाक्यासारखा आवाज झाला आणि हँडल माझं ऐकेना. डोंगराच्या बाजूला पडलो म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. तुमचं मागचं चाक आहे, इतकं वाईट होणार नाही. पण सकाळच्या पेपरला निघताना फुटला तर काय कराल?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चीर पडली कशाने ते नवा टायर घालण्याआधी बघा. माझ्या बाबतीत काच नव्हती की खडा नव्हता. ब्रेकचं रबर एका बाजूने दोन मिलिमीटर वर बसलं होतं आणि दर ब्रेकला रिमऐवजी टायर घासत होतं. चीर एकदम झालेली नसेल, आजूबाजूला लांबट घासल्याची खूण असेल, तर हाच प्रकार. ब्रेक नीट न करता नवा टायर टाकलात तर त्याचंही हेच होणार.

तुम्ही शेवटी लिहिलंय की याच आठवड्यात तीनदा पंक्चर झालं. ते कदाचित चिरेमुळे नसेलही. ट्यूब बाहेर काढताना एक सवय लावून घ्या : टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्वसमोर येईल असाच टायर बसवायचा. मग ट्यूबला भोक सापडलं की वॉल्व त्या नावासमोर येईल अशी ट्यूब टायरवर धरायची, टायरवरची नेमकी जागा कळते. एकदा माझ्या सायकलचं पाच दिवसांत तीनदा पंक्चर काढलं, तिन्ही भोकं एकाच ठिकाणी. बोट फिरवून काही लागेना. पंक्चरवाल्या काकांनी कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून फिरवला. एका जागी कापसाचा धागा अडकला. चिमट्याने ओढलं तर केसाएवढी, सहा-सात मिलिमीटरची तार. ट्रकचे टायर फुटून हायवेच्या कडेला पडलेले असतात ना, त्यातल्या या तारा. बाभळीचा काटा निदान दिसतो, सराटाही दिसतो, ही तार दिसत नाही. अशा वेळी टायरला काहीही झालेलं नसतं.

दोन भोकं शेजारी-शेजारी असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपली. भोक आतल्या, स्पोकच्या बाजूला असेल तर रिमपट्टी, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी पट्टी, सरकलीय. वॉल्वच्या मुळाशी फाटली असेल तर तिथे ठिगळ टिकत नाही, ट्यूब बदला.

टायर घ्यायला जाताना नुसतं ‘२६ चा द्या’ म्हणू नका. जुन्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ५०-५५९ असा आकडा असेल (मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी आणि रिमचा व्यास), तो फोनमध्ये टिपून न्या. २६ × १.९५ चा टायर ५५९ च्या रिमवर बसतो आणि २६ × १⅜ चा ५९० च्या. दोन्ही ‘सव्वीस’च, पण व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक. चुकीचा आणलात तर तो एक तर चढणारच नाही, नाही तर रिमवर लुळा फिरेल. ही चूक मी केलीय, आणि पावती नसल्याने तो टायर अजून माळ्यावर आहे.

पुढचा टायर चांगला असेल तर नवा मागे टाका. पुढचाही गुळगुळीत झाला असेल तर तो मागे न्या आणि नवा पुढे बसवा. मागचा फुटला तर सायकल हलते, पुढचा फुटला तर माणूस पडतो.

तोवर दोन दिवस काढायचेच असतील तर संपलेली टूथपेस्टची ट्यूब उभी चिरून, धुऊन, कडा गोल कापून चिरेच्या आत ठेवा. दुधाची पिशवी चार घड्या घालूनही चालते. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरा, सावकाश चालवा, कुणाला कॅरिअरवर बसवू नका.

आणि जुना टायर दुकानात सोडून येऊ नका. त्याच्या धड राहिलेल्या भागाचे तळहाताएवढे दोन-तीन तुकडे कापून, कडा ब्लेडने पातळ तासून सीटखालच्या पिशवीत ठेवा. वडिलांनाच सांगा, गेटर कापायचा हात त्यांचा तुमच्यापेक्षा चांगला असणार.