वाचक विचारतात : पानासारखं दिसणारं फुलपाखरू

ब्लू ओकलीफ (कॅलिमा हॉर्सफिल्डी) हे फक्त पश्चिम घाटाच्या पट्ट्यात आढळणारं फुलपाखरू. पंख मिटले की थेट वाळकं पान. पावसाळा संपत आला की त्याच्याबद्दलची पत्रं येऊ लागतात. त्यातले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

येऊरच्या पायवाटेवर एक मोठं निळं फुलपाखरू समोरून उडालं, एका खोडाकडे गेलं आणि नाहीसं झालं. बराच वेळ शोधूनही सापडलं नाही. अशा वेळी नेमकं बघायचं काय?
— एक वाचक, ठाणे

तुम्ही निळा रंग शोधत राहिलात, तिथेच चूक झाली. निळा रंग पंखांच्या फक्त वरच्या बाजूला असतो. बसताक्षणी पंख मिटतात आणि उरतो तो तपकिरी, राखाडी किंवा पिवळट मातकट रंग. पाठलाग करणाऱ्या पक्ष्याचीही अशीच फसगत होते.

म्हणून ते उडालं की तुम्ही जागचे हलू नका. ते वेगानं, वेडीवाकडी वळणं घेत उडतं. पण बहुधा लांब जात नाही. शेवटी जिथे दिसलं त्या जागेच्या दोन खुणा मनात धरा, म्हणजे ‘दुबेळक्याच्या खाली, वेलीच्या डावीकडे’ अशा. मगच दुर्बीण लावा. ८ पट दाखवणारी आणि २ मीटरवरही फोकस होणारी दुर्बीण यासाठी पुरते. खोड गुडघ्याच्या उंचीपासून तीनेक मीटरपर्यंत सावकाश तपासा. काही दिसलं नाही तर खोडाला दुरून वळसा घाला, कारण बाजूनं रुंद पान दिसणारं हे फुलपाखरू समोरून किंवा मागून नुसती उभी रेघ असते.

नजरेनं ‘चुकीचं पान’ हुडकायचं. जिथे फांदीच नाही अशा उघड्या खोडाला चिकटलेलं पान. वाऱ्याच्या झुळकीनं बाजूची सगळी पानं देठापासून डोलतात, हे मात्र सबंध एकसंध हलतं किंवा हलतच नाही. पुढच्या पंखाच्या टोकापासून मागच्या पंखाच्या आखूड शेपटीपर्यंत एक गडद रेघ सरळ जाते, ती पानाची मधली शीर वाटते. पण ती दोन वेगवेगळ्या पंखांवरून गेलेली असते, त्यामुळे नीट पाहिलं तर पंख जुळतात तिथे रेघ किंचित सरकलेली दिसू शकते. पुढच्या पंखावरचा पारदर्शक ठिपका किडीनं पाडलेल्या भोकासारखा वाटतो. शेवटची खात्री पायांनी करा : पुढची जोडी आखूड आणि छातीशी दुमडलेली असल्यामुळे खोडावर चारच पाय टेकलेले दिसतात.

आणखी एक. दोन ब्लू ओकलीफ एकसारखी दिसतीलच असं नाही. एखाद्यावर बुरशीसारखे काळे डाग असतात, एखादं अगदी कोरं. तेव्हा पुस्तकातला फोटो डोळ्यांसमोर ठेवून शोधू नका.

हे फुलपाखरू कुठे आणि कधी हमखास दिसेल? पिकलेली केळी ठेवून बोलावता येतं म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, सावंतवाडी

हमखास असं काही नाही, पण शक्यता वाढवता येते. याच्या अळ्या कारवी आणि तिच्या कुळातल्या इतर झुडपांवर वाढतात. त्यामुळे जिथे कारवीचं रान, वर दाट सावली आणि जवळ ओहोळ, तिथे शोधा. तुमच्याकडचा आंबोलीचा परिसर, तिकडे माथेरान, कर्नाळा, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सगळीकडे हाच मेळ आहे. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, हा काळ चांगला.

फुलांवर वाट बघत बसू नका. ब्लू ओकलीफ फुलांवर क्वचित येतं. त्याला हवा असतो खोडाच्या जखमेतून झिरपणारा, आंबूस वासाचा रस, नाहीतर कुजकं फळ किंवा ओली माती. असं एखादं झिरपणारं खोड सापडलं तर ते लक्षात ठेवा. रस वाहतो आहे तोवर फुलपाखरं त्याच खोडावर पुन्हा पुन्हा येतात.

केळ्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते फक्त स्वतःच्या बागेत किंवा परसात करा. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात आमिष ठेवायचं नाही. साल काळी पडलेली ४ केळी आणि १०० ग्रॅम गूळ एकत्र कुस्करा आणि बरणीत २ दिवस सावलीत ठेवा. झाकण सैल ठेवा. आंबताना वायू तयार होतो आणि घट्ट झाकणाची बरणी उघडताना सगळं अंगावर येतं. उथळ ताटलीत पातळ थर पसरून ती सावलीत, छातीच्या उंचीवर दोरीनं टांगा. मुंग्या हाच मोठा उपद्रव. दोरीवर बोटभर लांबीचा पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावला की त्या खाली उतरत नाहीत. थर पातळच हवा, जाड लगद्यात फुलपाखरांचे पाय रुततात. संध्याकाळी ताटली आत घ्या, नाहीतर रात्री उदमांजर येऊन फडशा पाडेल.

१०० मिमीचा मॅक्रो लेन्स वापरतो. फुलपाखरू सापडतं, पण फोटोत पंखाचं एक टोक धूसर येतं किंवा मागचंच पान स्पष्ट दिसतं. काय चुकतं?
— एक वाचक, पुणे

दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

टोक धूसर येतं ते कोनामुळे. ब्लू ओकलीफ मिटल्यावर साधारण ५-६ सेंमी लांब असतं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ ८ (अपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप) ठेवून त्यानं चौकटीची अर्धी रुंदी व्यापली, की स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम अर्धा सेंटीमीटर भरते. तुम्ही फक्त १० अंश तिरके असलात तरी पंखाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ १ सेंमी मागे जातं. म्हणजे एफ ११ करूनही पुरणार नाही. कॅमेऱ्याची पाठ पंखाच्या पृष्ठभागाला समांतर आणा, हाच उपाय. मधल्या शिरेची दोन्ही टोकं मोठी करून तपासा. दोन्ही सारखी तीक्ष्ण दिसली तर कोन जमला.

दुसरी तक्रार ऑटोफोकसची. त्याला पान आणि पानासारखं फुलपाखरू यांत फरक कळत नाही, जिथे जास्त उठाव दिसेल तिथे ते धावतं. आपोआप जागा निवडणारी पद्धत बंद करून एकच छोटा बिंदू घ्या आणि तो डोळ्यावर ठेवा. अंधारात डोळा पकडत नसेल तर मधल्या शिरेवर ठेवा. ती गडद आणि सरळ असल्यामुळे पटकन पकडली जाते, आणि कोन समांतर असेल तर डोळाही स्पष्ट येतो.

सावलीतल्या जंगलात सुरुवातीला शटर १/२५०, अपर्चर एफ ८ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० ते १६०० ठेवा. शटर त्याहून हळू नेण्यापेक्षा आयएसओ वाढलेला बरा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही. उघडा फ्लॅश पंखावर चकाकतो आणि पानाचा आभासच मोडतो, म्हणून वापरायचाच तर मोठा डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावून, मंद. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ प्रतिमा) ठेवा. झाडोऱ्यातून येणारा हिरवा प्रकाश तपकिरी रंग बिघडवतो, तो रॉमध्ये सहज सुधारता येतो.

आमचं मत विचाराल तर पार्श्वभूमी पार पुसून टाकलेला फोटो या फुलपाखराच्या बाबतीत फसवा. तो ओळखीसाठी एक काढा. मग दोन पावलं मागे येऊन एफ ११ वर खोड, वेल, पाचोळा असा सगळा परिसर घ्या. छद्मावरण, म्हणजे परिसरात मिसळून जाणं, त्यातच दिसतं.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?
— एक वाचक, नाशिक

जमेल, पण मॅक्रो मोड वापरू नका. त्यासाठी २-३ सेंमीपर्यंत जावं लागतं, तोवर फुलपाखरू उडून जातं. २ पट किंवा ३ पट टेलिलेन्स निवडा, हातभर अंतर ठेवा, पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश लॉक करा. सावली त्याच्यावर पडू देऊ नका. बाकीचं काम फोटो नंतर कातरण्यावर (क्रॉप करण्यावर) सोडा.

निळी बाजू कशी टिपायची? पंख उघडतच नाही.
— एक वाचक, चिपळूण

उघडतं, पण सकाळी. रात्रीचा गारवा अंगातून जाईपर्यंत, साधारण ८ ते १०च्या दरम्यान, उन्हाच्या कवडशात पंख पसरून बसतं. आधी कवडसा शोधा, मग फुलपाखरू. पुढच्या पंखावरचा फिकट निळा पट्टा उन्हात पांढरा फटक होतो, म्हणून एक्स्पोजर उणे ०.७ करा. खडा मारून, टाळी वाजवून उडवू नका. उडालेलं पंख मिटूनच बसणार आहे. उडतानाचा फोटो हवा असेल तर रस पिणाऱ्याची वाट बघा, शटर १/२००० किंवा जास्त ठेवा, आणि नव्या मिररलेस कॅमेऱ्यात बटण दाबण्याआधीचे क्षण साठवणारी सोय असेल तर ती चालू करा. त्याशिवाय माणसाचं बोट कमी पडतं.

घरामागच्या पाचोळ्यात संध्याकाळी पानासारखं फुलपाखरू दिसलं. फोटो पाठवला आहे. हे ब्लू ओकलीफच ना?
— एक वाचक, पनवेल

नाही, हे कॉमन इव्हनिंग ब्राउन. तिन्हीसांजेला जमिनीलगत उडणारं, अळीपणी गवतावर आणि भातावर वाढणारं. तुमच्या फोटोत मागच्या पंखाच्या कडेला डोळ्यांसारखे ठिपके आहेत, ते त्याच्या पावसाळी रूपात दिसतात; कोरड्या ऋतूत ते जवळजवळ पुसले जातात आणि तेव्हाच गल्लत जास्त होते. अशा वेळी मधली सरळ शीर आहे का, ते बघा. इव्हनिंग ब्राउनला ती तशी टोकापासून शेपटीपर्यंत नसते. सरावाला मात्र याच्यासारखं दुसरं फुलपाखरू नाही. घरामागे आहे, पाचोळ्यात बसतं आणि उडवलं तरी चार पावलांवर पुन्हा बसतं. समांतर कोन आणि एका बिंदूचा फोकस आधी याच्यावर जमवा.